छातीचा कीस, पायाचा कीस

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी उसासा टाकतात. मी टाकणार नाही. मी एक जुने गिरमिट आहे, लाकडाला भोक पाडणारे, आणि माझ्या पोटात उसाशापेक्षा राग जास्त आहे. तेलेस्फोर नावाच्या माणसाने मला भर गावात खुनी म्हटले. त्याचा सूड कसा घेतला गेला, ते आज तुम्हाला सांगते.

दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, शोदिएर नदीच्या वरच्या अंगाला आमचे गाव. तिथल्या झेफिरें लोहाराने माझे पाते भट्टीत लाल केले, पिळले आणि पाण्यात बुडवले. त्या वेळी मी जे चरचरले, तो माझा पहिला शब्द. माझी मूठ मात्र लोखंडाची नाही. आदेलारच्या मेपलच्या राईत वाऱ्याने एक फांदी पडली होती, तिचीच ती घडवली. म्हणजे त्या राईतली झाडे माझी सख्खी भावंडे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यांनाच मारल्याचा आळ माझ्यावर आला.

आदेलार माझा धनी. मार्चमध्ये रात्री कडाक्याचे गोठते आणि दिवसा ऊन पडते, तेव्हा मेपलच्या अंगात गोड रस खेळू लागतो. आदेलार जाळीची पायताणे बांधून कमरेएवढ्या बर्फावरून चालत निघे. झाडाला एकदा हाताने थोपटून छातीच्या उंचीवर मला टेकवी आणि सावकाश फिरवी. मग माझ्या पिळातून निघालेला कीस तळहातावर घेऊन बघे. कीस पांढराशुभ्र असला की म्हणे, "हं, तब्येत बरी आहे बाईसाहेबांची." मग भोकात तोटी बसे, तोटीला बादली लागे, आणि टप टप सुरू होई.

मी झाडाला जखम करते, हे मी नाकारत नाही. पण ती बोटाएवढी, थंडीच्या दिवसांत केलेली, स्वच्छ जखम. झाड ती वर्षा-दोन वर्षांत आपणच बुजवते. आदेलार जुन्या भोकाजवळ नवे भोक कधी पाडत नसे, आणि बारीक झाडाला तर हातही लावत नसे.

रस पिंपात भरला की घोडी तो घसरगाडीने गुऱ्हाळापर्यंत ओढून नेई. तिथे आदेलारची बायको आल्फेदा काहिलीपाशी रसाचा पाक आटवत उभी असे. रविवारी सगळे गणगोत जमे. वाटाण्याचे सूप, पाकात शिजवलेली अंडी, खारवलेल्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, आणि शेवटी बाहेरच्या स्वच्छ बर्फावर ओतलेला कढत पाक. पोरे तो काडीला गुंडाळून चाटत आणि एकमेकांच्या केसांना चिकटवत. त्या दिवसांत माझे फार कौतुक होई. म्हातारे मला हातात घेऊन धार बघत आणि म्हणत, "असं पातं आता होणे नाही." मला ते ऐकायला आवडे. कोणाला आवडणार नाही?

एका हिवाळ्यात आदेलार छातीत कफ होऊन गेला. आल्फेदाला मूल नव्हते. तिच्यापाशी राहिली ती राई, घोडी आणि मी.

मग आला तेलेस्फोर. आदेलारचा धाकटा भाऊ, ओढ्यापलीकडे त्याची स्वतःची राई. नवाकोरा लाल ट्रॅक्टर घेऊन तो गुऱ्हाळाच्या दारात उभा राहिला आणि हॉर्न वाजवला. घोडी दचकली.

"वहिनी, विकून टाक ही म्हातारी!" तो म्हणाला. "खाते जास्त, ओढते कमी."

"तुझ्याबद्दलही तुझी आई हेच म्हणायची, भाऊजी," आल्फेदा म्हणाली.

"अगं, हस काय हसायचंय ते. एकट्या बाईनं कुठवर राबायचं? मी आणतो तुझा रस. जळणही ओढून देतो. दादासाठी एवढं तर करू दे."

दादाचे नाव ऐकून ती कबूल झाली. घोडी विकली गेली आणि ट्रॅक्टर राईत शिरला.

राईतली वाट घसरगाडीपुरती होती. ट्रॅक्टर तिच्यापेक्षा रुंद. मार्चमध्ये बर्फाची जाड गादी असते, तेव्हा त्याने फारसे बिघडत नसे. पण तेलेस्फोर जळणाचे ओंडके ओढायला जूनमध्ये जाई. तेव्हा जमीन लोण्यासारखी मऊ असते आणि झाडाची साल नखाने निघेल इतकी सैल. तेव्हा त्या वाटेवर काय घडे, ते मला त्या वेळी माहीत नव्हते. मी गुऱ्हाळात खिळ्यावर टांगलेले होते. दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हते, आणि त्याला कारण आहे. आमची माणसे मेपलला हिवाळ्यात ओळखतात. पाने झडलेली आणि पाय बर्फात गाडलेले, असेच झाड त्यांनी जन्मभर पाहिलेले असते. उन्हाळ्यात गवत कापायचे असते, बटाटे लावायचे असतात आणि राईत काळ्या माश्या डोळ्यांत जातात. मग तिकडे कोण फिरकतो?

तीन-चार वर्षांत वाटेकडेची झाडे आटू लागली. बादल्या अर्ध्याच भरत. एका मार्चमध्ये आल्फेदाने मला एका मोठ्या झाडाला टेकवले तर रसाचा थेंब निघाला नाही. शेंड्याच्या फांद्या वाळून कोळ झाल्या होत्या. शेजारची दोन झाडे तशीच. ती राई म्हणजे तिचे पोट होते, आणि नवऱ्याची तेवढीच खूण उरली होती. तिने झाडाला कपाळ टेकले.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळे गाव चर्चच्या पायऱ्यांवर गप्पा मारत थांबते. तिथे तेलेस्फोरने तोंड उघडले.

"मी सांगतो रोग कशानं आला. दादाचं ते गिरमिट! आजारी झाडाच्या तोंडातला चमचा धुतल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडात घालावा, तसं ते झाडोझाडी फिरतंय. खुनी आहे खुनी!"

"पण इतकी वर्षं काही झालं नाही ते," आल्फेदा हळूच म्हणाली.

"विषही हळूहळूच चढतं, वहिनी. आता एकच उपाय. सगळी राई तोडायची, माझ्या राईत रोग यायच्या आत. तोडायचा त्रास माझा, लाकूडही माझंच राहू दे. तुला कशाला डोक्याला ताप?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण मला तोंड कुठे होते? लोकांनी माना डोलावल्या. ट्रॅक्टरवाल्याचे बोलणे गावाला नेहमीच शहाणपणाचे वाटते.

आल्फेदाने एकच मागितले, पुढच्या वर्षाच्या शरदापर्यंत मुदत. ईस्टरच्या पहाटे, सूर्य उगवायच्या आत, एक शब्दही न बोलता तिने ओढ्याचे वाहते पाणी भरून आणले. ते पाणी नासत नाही आणि दुखणी बरी करते, असे आमच्याकडे मानतात. आजारी झाडांच्या भोकांत ती चमच्याने ते पाणी घालत फिरली. सगळे उपचार छातीच्या उंचीवर चालले होते. झाडांचे पाय तिच्या बुटांखाली, बर्फात होते. पाणी भोकातून ओघळून खाली गेले, आणि झाड आणखी वाळले.

तेव्हा तिचाही माझ्यावरचा विश्वास उडाला. हे सांगताना आजही माझे पाते कडू होते.

मला फेकून देणे तिला जमेना. नोव्हेंबर हा आमच्याकडे मेलेल्यांचा महिना. त्या महिन्यात चर्चच्या पायऱ्यांवर पुकारा होतो. ज्याला जे जमेल ते त्याने द्यायचे, त्याचा लिलाव व्हायचा, आणि आलेल्या पैशांत गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करवायच्या. आल्फेदाने आदेलारच्या आत्म्यासाठी मला देऊन टाकले. डुकराचे मुंडके आणि लोकरीचे मोजे यांच्यामध्ये मी पडले होते. पुकारा करणाऱ्या क्लेओफासने मला उंच धरले.

"भोक पाडायचं यंत्र! ज्याच्या सासूच्या डोक्यात काही शिरत नाही, त्यानं न्यावं!"

लोक हसले. बोली कोणी लावेना. मग तेलेस्फोर पुढे झाला. "आण इकडं. खुन्याला मी नजरकैदेत ठेवतो!"

पुन्हा हसू. आल्फेदा खाली मान घालून निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि फाशी द्यायला चोरच पुढे आला. त्याने मला ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्याला तारेने बांधले आणि माझ्या मुठीला आपला जेवणाचा डबा अडकवला. झेफिरेंच्या हातचे पाते, आदेलारच्या मुठीतले गिरमिट, आता डबा टांगायची खुंटी झाले.

पण मित्रांनो, त्याने एक चूक केली. त्याने मला अशा जागी बांधले की तिथून मला चाक दिसे.

जूनमध्ये तो आमच्या राईत गेला. मेलेली झाडे तोडून आपल्या आवारात न्यायला त्याने मुदतीआधीच सुरुवात केली होती. वळणावर चाक एका मुळावर चढले, घसरले, आणि मुळाची साल सोलून निघाली. मागून साखळीने ओढत आणलेला ओंडका दुसऱ्या झाडाच्या बुंध्यावर आपटला आणि हाताएवढा टवका उडाला. आतले ओले, गोड, पांढरे लाकूड उघडे पडले. तेलेस्फोर शीळ घालत होता. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

दुपार व्हायच्या आत त्या जखमेवर बारीक काळे भुंगे जमले. ते येत होते तोडलेल्या रोगट ओंडक्यांच्या कापांवरून, जिथे आंबूस वासाची बुरशी धरली होती. बुरशीची धूळ अंगाला माखून ते ताज्या जखमेवर बसत आणि गोड रस चाटत. बुरशी पायातून आत शिरत होती. माझ्या भावंडांचे मरण माझ्या डोळ्यांसमोर पेरले जात होते, आणि खुनी म्हणून मीच बांधलेले होते. त्या दिवशी मी शपथ घेतली. ह्या माणसाच्याच हाताने त्याचे पाप उकरून काढीन. गिरमिट धावू शकत नाही, ओरडू शकत नाही. पण थोडे थोडे करून आत शिरणे, हे माझ्याइतके कोणाला जमत नाही.

जुलैत आल्फेदा राईत आली. झाडे जाणार होती, म्हणून त्यांना एकदा हिरवी बघावी, एवढेच तिच्या मनात होते. रुमालाने तोंड झाकून, माश्या वारत ती वाटेने चालत होती. तेलेस्फोर ट्रॅक्टर उभा करून माझ्यावरचा डबा उघडत होता.

ती वर बघत थांबली. आत, वाटेपासून लांब असलेल्या झाडांची पाने पंजाएवढी आणि गर्द होती. वाटेकडेच्या झाडांची पाने पोराच्या तळहाताएवढी, फिकट आणि विरळ. शेंड्यातून आभाळ दिसत होते. ती वाट सोडून आत गेली, परत आली, पुन्हा आत गेली. मग तिने खाली बघितले.

"भाऊजी," ती म्हणाली, "ही झाडं फक्त तुझ्या वाटेवरच कशी मरतात रे?"

"योगायोग असतो, वहिनी."

"आणि ह्या जखमा?"

"साळिंदर कुरतडतं."

"साळिंदराला लाल रंग असतो का?" एका मुळावर ट्रॅक्टरचा लाल रंग घासून लागला होता. तिने सरळ येऊन माझी तार सोडली. डबा खाली पडला आणि त्यातली बीन्स चिखलात सांडली.

"ए, ते माझं आहे! पैसे मोजलेत मी!"

"ते तुझ्या दादाच्या आत्म्यासाठी मोजलेस. ज्याच्या आत्म्यासाठी दिलेस, त्याचंच आहे हे."

वाळलेल्या एका झाडाला तिने मला आधी छातीच्या उंचीवर लावले, माझ्याच जुन्या भोकाजवळ. मी फिरले. कीस कोरडा पण पांढरा निघाला. मग तिने चिखलात गुडघे टेकले आणि मला जखमेच्या वर, बुंध्याशी लावले. इतक्या वर्षांत माझा झाडाच्या पायाशी कधी संबंध आला नव्हता. मी सगळा जीव एकवटून आत शिरले. कीस आला तो ओला, हिरवट तपकिरी, कडेला लालसर ठिपके असलेला, आंबलेल्या फळासारखा वास मारणारा.

आल्फेदाने दोन्ही कीस रुमालाच्या दोन टोकांना बांधले. ती ओरडली नाही. मला मात्र ओरडावेसे वाटत होते.

"घाईनं काही बोलू नकोस गावात," तेलेस्फोर म्हणाला.

"छे! घाई कशाला?" ती म्हणाली. "तू पायऱ्यांवर बोललास. मीही पायऱ्यांवरच बोलेन. नोव्हेंबरात."

आणि ती थांबली. सूड घ्यायचा तर थांबता आले पाहिजे, हे मी तिच्याकडूनच शिकले. नोव्हेंबरात पुकाऱ्याच्या दिवशी क्लेओफासने विचारले, "आल्फेदाबाई, यंदा काय देताय?" तिने पायरीवर रुमाल सोडला.

"हा छातीचा कीस. गिरमिटानं जिथं भोक पाडलं तिथला. आणि हा पायाचा. भाऊजींच्या चाकानं जिथं सोललं तिथला. बघा, हाताळा, वास घ्या. मग सांगा खुनी कोण ते."

रुमाल हातोहात फिरला. कोणी हसले नाही. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होते ते सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. खाई त्याला खवखवे! तेलेस्फोरने चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावे एकामागून एक घेतली. आमच्याकडे शिव्या तशाच देतात, आणि चर्चच्या दारात दिल्या म्हणून पाद्रीबाबांनी त्याचा कान धरला. तो क्षण मी अजून चघळते.

त्या हिवाळ्यात, जमीन दगडासारखी गोठल्यावर, आल्फेदाने फक्त रोगट झाडे तोडून घेतली. लाकूड राईत पडून राहू न देता भाड्याच्या घोड्याने बाहेर ओढले आणि काहिलीखाली जाळले. वळणावळणावर जुने वासे आडवे टाकले, म्हणजे मुळांना धक्का लागणार नाही. बर्फ वितळल्यापासून पुन्हा गोठेपर्यंत राईत कोणतेही चाक येणार नाही, असे तिने जाहीर केले. आणि दर झाडानंतर मला घरच्या कडक दारूने पुसायला लागली. "तुझ्याकडे पुन्हा कोणी बोट दाखवायला नको," ती म्हणाली. म्हाताऱ्यांना त्या दारूची फार हळहळ वाटे. वाटेकडेची झाडे सगळी वाचली नाहीत, पण मरण आतल्या झाडांपर्यंत पोचले नाही.

तुम्हाला वाटेल, झाला सूड. नाही मित्रांनो. तेलेस्फोरने जूनमध्ये नेलेले ओंडके आठवतात? ते त्याने आपल्या राईच्या तोंडाशी रचले होते, जिथे त्याच्या ट्रॅक्टरने त्याचीही मुळे सोलली होती. भुंग्यांना ओढ्याची हद्द कळत नाही.

दोन उन्हाळे गेले. शरदात, पहिले हिव पडल्यावर, तेलेस्फोर टोपी हातात घेऊन दारात आला. ह्या वेळी हॉर्न नव्हता.

"वहिनी, अंगणातल्या झाडाची पानं बारीक आलीत यंदा. बाबांनी लावलेलं. जरा... ते गिरमिट देशील?"

"देणार नाही," आल्फेदा म्हणाली. "घेऊन येते."

ते झाड तिच्या सासऱ्याने लावले होते. आदेलार आणि तेलेस्फोर दोघेही त्याच्याच फांदीवर झुललेले. बुंध्याला एक जुनी जखम होती, तिच्यावर ट्रॅक्टरचा लाल रंग अजून होता. तिने मला त्याच्या हातात दिले.

"तूच बघ."

त्याने मला छातीच्या उंचीवर लावले.

"तिथं नाही, भाऊजी. खाली."

"गुडघे दुखतात माझे."

"चर्चमध्ये दुखत नाहीत ना? टेक."

तो टेकला. जाडजूड माणूस, चिखलात, झाडापुढे. मला त्याने फिरवले. माझ्या मुठीला त्याच्या हाताचा घाम लागत होता आणि मी आनंदाने आत शिरत होते. मी कीस बाहेर आणला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. ओला, हिरवट तपकिरी. त्याने तो नाकाशी नेला. मग त्याचे खांदे हलू लागले.

"दादाचं झाड," तो म्हणाला. "दादा झुलला ते झाड मारलं मी."

आल्फेदाने त्याला उठवले नाही. "पुढचं झाड," एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी त्याच्या राईतल्या वाटेकडेच्या प्रत्येक बारीक पानांच्या झाडापुढे तिने त्याला गुडघ्यांवर बसवले, आणि प्रत्येक झाडानंतर त्याच्याच दारूने त्याच्याकडूनच मला पुसून घेतले. संध्याकाळी त्याच्या विजारीची दोन्ही ढोपरे फाटली होती. माझी माफी त्याने अजून मागितलेली नाही. मीही त्याला माफ केलेले नाही.

मित्रांनो, आता मी गुऱ्हाळात पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे. तुमच्याकडे मेपल नसेल, पण झाड तर असेल. रस घ्यायला, फळ घ्यायला, सावलीला बसायला जाता, तसे एकदा तो हंगाम नसतानाही जा. वरची पाने बारीक झालीत का, शेंडा विरळ झालाय का, ते बघा. मग आपणहून खाली वाका आणि त्याच्या पायाला कोणाचे चाक, कोणाची कुऱ्हाड लागली का, ते बघा. जो आपणहून वाकत नाही, त्याच्यासाठी मी आहेच. माझ्या पात्याला आल्फेदा दर शरदात धार लावते.